जहाज आणि बंदर यांची सायबर सुरक्षा: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सागरी वाहतुकीतील सायबर सुरक्षेचे काम फार थोडे लोक ठरवून स्वीकारतात. सेकंड ऑफिसर, इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, कंपनीच्या कार्यालयातील सुपरिटेंडंट किंवा बंदरातील टर्मिनलच्या (जहाजात माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेच्या) संगणक विभागातील कनिष्ठ अभियंता यांच्यापैकी कोणाला तरी हातातली कामे सांभाळून हेही पाहायला सांगितले जाते. हा लेख त्या व्यक्तीसाठी लिहिला आहे. तिला जहाज चांगले ठाऊक असते किंवा संगणक चांगला ठाऊक असतो. दोन्हींकडे एकाच नजरेने पाहण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागते.

त्यासाठी प्रत्येक यंत्रणेसमोर उभे राहून दोन प्रश्न विचारावेत. ही यंत्रणा बंद पडली तर काय होईल, हा पहिला प्रश्न, आणि तो सगळेच विचारतात. यंत्रणा चालू राहून खोटी माहिती देऊ लागली तर ते कोणाला, कशावरून आणि किती वेळात कळेल, हा दुसरा. माझ्या मते या क्षेत्रातील निम्मे काम या दुसऱ्या प्रश्नात सामावलेले आहे, कारण बंद पडलेला पडदा सर्वांना दिसतो, पण चुकीचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर माणूस विश्वास ठेवून पुढे जातो.

पहिली पायरी: प्रत्यक्ष फिरून यादी करा

यादी कार्यालयातील जुन्या फाइलवरून तयार करू नका. ब्रिजपासून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षापासून, इंजिन रूमपर्यंत, मालनियंत्रण कक्षापासून कप्तानाच्या कार्यालयापर्यंत चालत जा आणि पडदा, केबल किंवा यूएसबीचे तोंड असलेली प्रत्येक वस्तू टिपून घ्या. ब्रिजवर जीपीएस, एआयएस (जहाजाची ओळख आणि स्थान इतरांना रेडिओवरून कळवणारी यंत्रणा), रडार, व्हीडीआर (प्रवासाची नोंद ठेवणारे उपकरण) आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे दाखवणारी एक्डिस असेल. खाली मुख्य इंजिनाचे नियंत्रण, जनरेटरचे पॉवर मॅनेजमेंट, बॅलास्टचे, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत घेतलेल्या पाण्याचे, पंप आणि झडपा असतील. शिवाय उपग्रह संपर्काचा राउटर, कार्यालयीन संगणक आणि खलाशांचे वायफाय असेल.

या यंत्रणांचे दोन वर्ग पडतात. पत्रव्यवहार, हिशेब आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या यंत्रणा पहिल्या वर्गात येतात; तेथे हल्ला झाल्यास पैसा, वेळ आणि गोपनीयता यांचे नुकसान होते. झडप उघडणे, सुकाणू फिरवणे, क्रेन हलवणे अशी प्रत्यक्ष कामे करणाऱ्या यंत्रणा दुसऱ्या वर्गात येतात. तेथे झालेली गडबड माणसांच्या जिवावर आणि समुद्राच्या पाण्यावर येऊ शकते. जहाज पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते, संगणकाची प्रणाली मात्र त्याच्या कितीतरी आधी जुनी होते. विंडोज एक्सपीला सुरक्षा सुधारणा मिळणे २०१४ मध्ये आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये थांबले, तरी अशा प्रणालींवर चालणारी उपकरणे जहाजांवर आढळतात. म्हणून आवृत्ती नोंदवणे आवश्यक आहे.

प्रत्येक नोंदीत निर्माता, आवृत्ती, सॉफ्टवेअर कोण आणि कशाच्या साहाय्याने अद्ययावत करतो, माहिती कोठून येते आणि कोठे जाते हे लिहा. शेवटचे दोन रकाने वरील दोन प्रश्नांसाठी राखून ठेवा. उदाहरणार्थ, लोडिकेटर, म्हणजे जहाजाचे स्थैर्य आणि त्यावरील ताण मोजणारा संगणक, बंद पडला तर चीफ ऑफिसर स्थैर्य-पुस्तिका काढून हाताने हिशेब करेल. उशीर होईल, पण धोका मर्यादित राहील. त्याच संगणकातील एखाद्या टाकीची माहिती बदलली गेली, तर पडद्यावर सर्व ठीक दिसत असताना जहाज चुकीच्या स्थैर्याने निघेल. हे उघड करणारा उपाय पूर्वापार चालत आलेला आहे: टाक्यांची खोली हाताने मोजणे, जहाजाच्या अंगावरील ड्राफ्टच्या (जहाज पाण्यात किती बुडाले आहे हे दाखवणाऱ्या) खुणा डोळ्यांनी वाचणे आणि ते आकडे संगणकाच्या आकड्यांशी ताडून पाहणे. इंजिन रूममध्येही नियंत्रण कक्षातील तापमान आणि यंत्राला लावलेल्या मापकावरील तापमान यांची नियमित तुलना हेच काम करते. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ती यंत्रणा तुमच्या कामांच्या यादीत सर्वांत वर ठेवा.

दुसरी पायरी: कोण कोणाशी जोडलेले आहे, ते रेखाटा

यादी झाल्यावर एका मोठ्या कागदावर जोडण्यांचा आराखडा काढा. उपग्रहाची जोडणी कोठे येते, तेथून कोणकोणत्या केबल निघतात, इंजिन बनवणारी कंपनी दुरून माहिती वाचते का, आणि वाचता वाचता तिला काही बदलताही येते का, हे सर्व त्यात आले पाहिजे. या आराखड्यात किनाऱ्यावरील पुरवठादारांचाही समावेश करा.

त्याचे कारण २७ जून २०१७ च्या घटनेत सापडते. त्या दिवशी युक्रेनमध्ये करविषयक कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. मेअर्स्क ही जहाज कंपनी त्याचे मूळ लक्ष्य नव्हती. तरीही तो तिच्या जगभरच्या जाळ्यात घुसला आणि अनेक टर्मिनलांचे कामकाज ठप्प झाले. समुद्रातील जहाजे चालू होती, परंतु कोणता कंटेनर कोठे उतरवायचा हे सांगणारी किनाऱ्यावरील व्यवस्था नाहीशी झाली होती. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले. एका देशातील एका कामाच्या सॉफ्टवेअरपासून दुसऱ्या खंडातील धक्क्यापर्यंत वाट कशी मोकळी होती, हा प्रश्न तुमच्या आराखड्याला विचारा.

दुसरे उदाहरण जानेवारी २०२३ मधील आहे. डीएनव्ही या जहाज-वर्गीकरण संस्थेच्या शिपमॅनेजर या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा (माहिती अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला आणि त्याचा परिणाम सुमारे ७० ग्राहक व १,००० जहाजांपर्यंत पोहोचला. मात्र जहाजांवर बसवलेला त्या सॉफ्टवेअरचा भाग किनाऱ्याशी संपर्क नसतानाही काम करू शकत होता, म्हणून जहाजांचे दैनंदिन काम चालू राहिले. कोणतीही सेवा घेण्यापूर्वी ती संपर्काविना किती दिवस चालेल, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी: जाळ्याचे भाग पाडा

आराखड्यात दिसणाऱ्या रेषांपैकी ज्या कोणाच्याही कामाच्या नाहीत, त्या काढून टाका. उरलेल्या जोडण्यांचे किमान तीन वेगळे भाग असावेत: खलाशांचे वायफाय, कार्यालयीन संगणक, आणि जहाज चालवणाऱ्या यंत्रणा. या भागांमध्ये फायरवॉल (ये-जा करणारी माहिती गाळणारी व्यवस्था) असावी आणि तिच्यातून ठरावीक माहितीच, शक्य तेथे एकाच दिशेने, जावी. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या खलाशांचे इंटरनेट तोडून सुरक्षा मिळवण्याचा विचार काही व्यवस्थापक करतात. तो मला पटत नाही. तसे केल्यास लोक चोरवाटा शोधतात आणि त्या वाटा आराखड्यात कधीच दिसत नाहीत. त्यांना स्वतंत्र आणि चांगली जोडणी द्यावी.

जहाजावरील उपग्रह संपर्काच्या उपकरणाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि त्याचे व्यवस्थापन-पान इंटरनेटवरून उघडत नाही याची खात्री करून घ्या. निर्मात्याच्या तंत्रज्ञाला दुरून प्रवेश हवा असेल, तर तो चीफ इंजिनिअरच्या परवानगीने, ठरलेल्या वेळेपुरता आणि नोंद करून द्यावा. काम संपताच जोडणी बंद करावी. कायम उघडी असलेली अशी जोडणी ही जहाजातील सर्वांत दुर्लक्षित वाट असते.

चौथी पायरी: रोजची दारे सांभाळा

फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क बंदराकडे येणाऱ्या एका मोठ्या मालवाहू जहाजाने आपल्या संगणकजाळ्यात गंभीर बिघाड झाल्याचे कळवले. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नेतृत्वाखाली झालेल्या तपासणीत घातक सॉफ्टवेअरने जहाजावरील संगणकांची कार्यक्षमता खालावल्याचे आढळले, पण जहाज चालवणाऱ्या आवश्यक नियंत्रण यंत्रणा वाचल्या होत्या. जाळे धोक्याचे आहे हे तेथील लोकांना आधीपासून माहीत होते. म्हणून बहुतेक जण त्यावर खासगी ईमेल किंवा बँकेचे व्यवहार करत नसत, मात्र इलेक्ट्रॉनिक नकाशे, मालाची माहिती आणि बंदराशी होणारा पत्रव्यवहार यांसाठी तेच जाळे वापरले जात होते. दलाने त्यानंतर दिलेल्या सूचना साध्या होत्या: जाळ्याचे भाग पाडा, प्रत्येकाला वेगळे खाते आणि पासवर्ड द्या, बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हबाबत सावध राहा, अँटीव्हायरस ठेवा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा.

यांपैकी पेनड्राइव्हचा विषय जहाजावर सर्वांत नाजूक असतो, कारण अनेक जहाजांवर नकाशांच्या दुरुस्त्या पेनड्राइव्हनेच एक्डिसमध्ये घातल्या जातात. त्यासाठी वेगळ्या रंगाचा, नाव लिहिलेला पेनड्राइव्ह ठेवा, तो इतर कोणत्याही कामाला वापरू नका आणि प्रत्येक वेळी जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या संगणकावर तपासून मगच एक्डिसला लावा. बंदरातील एजंट कागद छापून मागतो, तंत्रज्ञ अहवाल काढायला येतो, कोणीतरी मोबाइल चार्ज करण्यासाठी ब्रिजवरील यंत्राचे तोंड शोधतो. या प्रसंगी नकार देणे कनिष्ठ अधिकाऱ्याला जड जाते. म्हणून पाहुण्यांसाठी कोणत्याही जाळ्याशी न जोडलेला एक संगणक, एक प्रिंटर आणि साधा चार्जर आधीच तयार ठेवावा, आणि यूएसबीची न वापरली जाणारी तोंडे कुलूपबंद करावीत.

ईमेलमधून होणारी फसवणूक बहुधा पैशाभोवती फिरते. बंदर एजंटचे किंवा इंधन पुरवठादाराचे बँक खाते बदलले आहे, असे सांगणारा संदेश आल्यास त्यातच दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका. आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून विचारा.

सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्यालयीन संगणकावरील सुधारणा लवकर बसवाव्यात. इंजिन नियंत्रण किंवा एक्डिस यांसारख्या मान्यताप्राप्त उपकरणांवरील सुधारणा मात्र निर्मात्याच्या सल्ल्याने, जहाज सुरक्षितपणे उभे असताना आणि पूर्वीची आवृत्ती परत बसवण्याची सोय हाताशी ठेवूनच कराव्यात.

पाचवी पायरी: खोट्या स्थानाविरुद्ध तयारी करा

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचे संकेत जहाजापर्यंत पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेले असतात. त्यामुळे जवळच्या प्रबळ प्रक्षेपकाने ते दडपता येतात, त्याला जॅमिंग म्हणतात. किंवा खऱ्यासारखे भासणारे खोटे संकेत पाठवता येतात, त्याला स्पूफिंग म्हणतात. जॅमिंगमध्ये स्थान नाहीसे होते आणि गजर वाजतो. स्पूफिंगमध्ये स्थान दिसत राहते.

हे फक्त कागदावर शक्य आहे असे कोणी समजू नये. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी मालकाच्या संमतीने ‘व्हाइट रोझ ऑफ ड्रॅक्स’ या यॉटवर भूमध्य समुद्रात प्रयोग केला. त्यांनी खोट्या संकेतांनी स्थान अगदी हळूहळू सरकवले; यॉट मार्ग सोडत आहे असे वाटून ब्रिजवरून दिशा दुरुस्त केली गेली आणि त्या दुरुस्तीनेच ती खऱ्या मार्गापासून दूर गेली. कोणताही गजर वाजला नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराच्या परिसरात, किमान २० जहाजांचे स्थान जमिनीवरील गेलेंजिक विमानतळावर दिसू लागले. ही चूक ढोबळ असल्यामुळे ओळखता आली; हळूहळू सरकणारी चूक अधिक धोकादायक असते.

जीपीएसची माहिती कोठे कोठे जाते, हे आधी नीट समजून घ्या. एक्डिसवरील जहाजाचे चिन्ह, एआयएसवरून इतरांना जाणारे तुमचे स्थान, संकटाच्या वेळी रेडिओवरून जाणारा स्वयंचलित संदेश, व्हीडीआरमधील नोंद आणि अनेक जहाजांवरील घड्याळेसुद्धा त्याच एका स्रोतावर अवलंबून असतात. म्हणून एक्डिस आणि एआयएस एकमेकांशी जुळतात, यावरून काहीच सिद्ध होत नाही. एआयएसच्या संदेशांना प्रेषकाची खातरजमा करणारी कोणतीही सोय मूळ रचनेतच नाही. त्यावर दिसणारे जहाज तेथे असेलच असे नाही, आणि असलेले जहाज दिसेलच असेही नाही.

खरी पडताळणी जीपीएसशी संबंध नसलेल्या साधनांनी होते. किनारा जवळ असताना रडारचे चित्र एक्डिसवर चढवून पाहा. किनाऱ्याची रेषा नकाशावरील रेषेवर बसली पाहिजे. दीपगृह किंवा भूशिराचे बेअरिंग, म्हणजे ते कोणत्या दिशेला दिसते, डोळ्यांनी घ्या आणि रडारवरील अंतराशी जोडून स्थान काढा. इको साउंडरने मोजलेली खोली नकाशावरील खोलीशी ताडून पाहा. जायरो होकायंत्राची दिशा आणि वेगमापक लॉगचा वेग यांवरून आता आपण कोठे असायला हवे याचा हिशेब करा, आणि जीपीएसचा वेग लॉगच्या वेगाहून अकारण वेगळा दिसू लागला तर प्रवाह किती आहे, हे तपासा. घड्याळाची वेळ अचानक बदलणे, स्थानाने उडी मारणे, एआयएसवर अनेक जहाजे एकाच बिंदूवर किंवा वर्तुळात फिरताना दिसणे ही स्पष्ट लक्षणे आहेत. जीपीएसच्या संकेतांत अडथळे आल्याचा इतिहास असलेल्या क्षेत्रात प्रवेश करण्यापूर्वी ही पडताळणी दर किती मिनिटांनी होईल, हे प्रवास नियोजनात लिहावे आणि वॉच (ब्रिजवरील पाळी) घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला वाचून दाखवावे. शंका आल्यास एक्डिसला स्थान देणारा स्रोत बदलावा किंवा दिशा आणि वेग यांवरून काढलेल्या गणिती स्थानावर यावे, कप्तानाला बोलवावे आणि गरज असल्यास वेग कमी करावा.

सहावी पायरी: बंदराची बाजू

टर्मिनलमध्ये माल हलवणारे मोठे यंत्र क्रेन असले, तरी त्यामागचा मेंदू म्हणजे टर्मिनल चालवणारे सॉफ्टवेअर असते. ४ जुलै २०२३ रोजी जपानमधील नागोया बंदराची कंटेनर व्यवस्था लॉकबिट रॅन्समवेअरमुळे बंद पडली आणि ६ जुलैपासून कामकाज टप्प्याटप्प्याने सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीपी वर्ल्ड ऑस्ट्रेलिया या टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीने घुसखोरी लक्षात येताच आपली इंटरनेट जोडणी स्वतःहून तोडली. जहाजांवरून कंटेनर उतरत राहिले, पण ट्रक आत-बाहेर करू शकले नाहीत आणि सुमारे ३०,००० कंटेनर धक्क्यावर साचले. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते. मात्र जोडणी तोडण्याचा अधिकार रात्रपाळीतील कोणाला आहे आणि तोडल्यावर ट्रकच्या फाटकावरील काम कागदावर कसे चालेल, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

बेल्जियममधील अँटवर्प बंदराचा प्रकार वेगळा आहे. २०११ ते २०१३ या काळात अमली पदार्थांच्या तस्करांनी तेथील कंपन्यांच्या संगणकांत शिरून कंटेनरचे ठिकाण आणि ताबा घेण्याचे गुप्त क्रमांक मिळवले आणि मालकाच्या आधी स्वतःचे ट्रक पाठवले. ईमेलचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी कार्यालयांत घुसून टंकलेखनाची नोंद चोरणारी उपकरणे बसवली. यातून बंदरातील नवख्या माणसाने तीन गोष्टी घ्याव्यात: ताबा क्रमांक फार आधी आणि फार जणांना देऊ नये, तो कोणी पाहिला याची नोंद तपासावी, आणि टेबलाखालच्या केबल व वीजपट्ट्यांकडेही नियमितपणे लक्ष द्यावे.

सातवी पायरी: पुन्हा उभे राहण्याची सोय

नॉटपेट्यानंतर मेअर्स्कने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा बसवले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे कंपनीचे जवळजवळ सर्व सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते आणि एकाच वेळी पुसले गेले. घाना येथील एक सर्व्हर हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर होता, म्हणून वाचला. जी गोष्ट तेथे योगायोगाने घडली, ती तुम्ही नियमाने करा: किमान एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडून ठेवा.

जहाजावर ही प्रत कुलूपबंद कपाटात असावी. तिच्यात एक्डिसची मूळ स्थापना, नकाशांचे परवाने, नियंत्रण यंत्रणांच्या मांडणीच्या फाइल, कार्यालयीन संगणकाची स्वच्छ प्रतिमा आणि हे सर्व परत कसे बसवायचे याच्या छापील सूचना असाव्यात. परत बसवून पाहिलेली नसेल, तर ती प्रत आहे असे मानू नका.

आठवी पायरी: घटनेच्या दिवशी

जहाजाची सुरक्षितता प्रथम येते. आधी हाताने सुकाणू, स्थानिक इंजिन नियंत्रण आणि प्रत्यक्ष पाहणी यांवर या. त्यानंतर बाधित यंत्रणेची जाळ्याची केबल काढा. संगणक शक्यतो बंद करू नका, कारण स्मृतीतील पुरावे त्यामुळे नष्ट होतात. व्हीडीआरमधील नोंद जतन करा, पडद्याचे फोटो काढा, वेळा लिहून ठेवा. किनाऱ्यावरील नियुक्त व्यक्तीला बाधित नसलेल्या मार्गाने, म्हणजे उपग्रह फोनने किंवा रेडिओने कळवा, आणि त्यासाठी लागणारे क्रमांक कागदावर ठेवा. खंडणी मागणाऱ्यांशी जहाजावरून कोणीही बोलू नये. तो निर्णय कंपनीचा, तिच्या कायदेशीर सल्लागारांचा आणि विमा कंपनीचा असतो. ध्वजराष्ट्र (जहाजाची नोंदणी असलेला देश), बंदर प्रशासन आणि वर्गीकरण संस्था (जहाजाची बांधणी व यंत्रणा तपासून प्रमाणित करणारी संस्था) यांना कधी व कसे कळवायचे, याच्या मुदती प्रत्येक देशात वेगळ्या असतात. प्रवासातील बंदरांनुसार त्यांचा तक्ता कार्यालयाकडून आधीच मागवून घ्या.

नववी पायरी: नियम आणि सराव

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी सुरक्षा समितीने जून २०१७ मध्ये एमएससी.४२८(९८) हा ठराव केला. त्यानुसार १ जानेवारी २०२१ नंतरच्या कंपनीच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपर्यंत सायबर जोखमीचा विचार सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीत येणे अपेक्षित होते. संघटनेच्या २०१७ मधीलच मार्गदर्शक सूचनांत ओळखणे, संरक्षण, शोध, प्रतिसाद आणि पुनर्स्थापना ही पाच कामे सांगितली आहेत. १ जुलै २०२४ किंवा त्यानंतर बांधणीचा करार झालेल्या नव्या जहाजांना वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या ई२६ आणि ई२७ या आवश्यकता लागू होतात. पहिली संपूर्ण जहाजाविषयी आणि दुसरी त्यावरील यंत्रणा व उपकरणांविषयी आहे. विकत आणलेली तयार पुस्तिका कपाटात ठेवल्याने सुरक्षा-तपासणी (ऑडिट) कदाचित पार पडेल, पण तुमच्या जहाजाचा आराखडा तिच्यात नसेल. पहिल्या दोन पायऱ्यांतील यादी आणि आराखडा हाच तुमच्या प्रणालीचा गाभा ठेवा.

सराव लहान असावेत आणि वारंवार व्हावेत. मोकळ्या समुद्रात, स्वच्छ हवामानात, कप्तानाच्या परवानगीने आणि आणखी एक अधिकारी ब्रिजवर ठेवून, एका एक्डिसला मिळणारी जीपीएसची माहिती तासभर बंद करा आणि वॉच अधिकाऱ्याला उरलेल्या साधनांनी स्थान काढू द्या. दुसऱ्या वेळी कोणालाही आधी न सांगता खोट्या बँक खात्याचा संदेश पाठवून तो कोठे अडतो, हे पाहा. तिसऱ्या वेळी कपाटातील प्रतीवरून सुटा ठेवलेला एक संगणक पुन्हा उभा करा. प्रत्येक सरावानंतर किती मिनिटे लागली, कोणता क्रमांक लागला नाही आणि कोणती सूचना कोणालाच समजली नाही, हे लिहून यादीत दुरुस्ती करा. खलाशी बदलून नवा गट जहाजावर आला की पहिल्या आठवड्यात यांपैकी एक सराव त्या गटासोबत पुन्हा घ्या.